दुर्गम गावातील फायरवॉल आणि खंडित वीजपुरवठा

यवतमाळ जिल्ह्याचा विस्तार सुमारे १३,५८० चौरस किलोमीटर असून त्यात १६ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार असून तिचा फार मोठा भाग ग्रामीण आहे. वणी किंवा उमरखेड ही तालुक्याची ठिकाणेच जिल्हा मुख्यालयापासून रस्त्याने शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर आहेत. झरी जामणी तालुक्यातील कोलाम पोड किंवा उमरखेड तालुक्यातील पैनगंगा अभयारण्यालगतचा बंदी भाग येथे पोहोचावयाचे, तर त्यापुढेही बराच प्रवास करावा लागतो. अशा विस्तीर्ण जिल्ह्यात शासनाच्या सेवा गावापर्यंत नेण्याचे काम गेल्या काही वर्षांत संगणकाच्या जाळ्यावर अधिकाधिक अवलंबून राहू लागले आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र शासनाने ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंनी जोडण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे २०१५ पासून ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी राज्यात महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम अस्तित्वात आला आणि ठरलेल्या मुदतीत दाखला मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. सातबारा, आठ-अ, जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराच्या पावत्या, पीकविम्याचे अर्ज ही सर्व कामे आता जाळ्यावरून होतात. म्हणून गावातील जोडणी बंद पडणे ही आता केवळ यंत्राची तक्रार राहिलेली नाही. खरिपाच्या पीकविम्याची मुदत सामान्यतः जुलैअखेर संपते. पेरणीच्या हंगामात चार दिवस जोडणी नसली, तर कापूस व सोयाबीन उत्पादक शेतकऱ्यास ते चार दिवस परत मिळत नाहीत.

जोडणी बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक कारण असे आहे की, ज्याची चर्चा कमी होते, परंतु ज्यावर उपाय योजणे फारसे खर्चाचे नाही. ते कारण म्हणजे वीज अचानक गेल्यामुळे फायरवॉल या यंत्रातील नोंदींची होणारी मोडतोड. हे कसे घडते आणि ते कसे टाळता येईल, याची माहिती या लेखात देण्याचा उद्देश आहे.

फायरवॉल म्हणजे काय?

कार्यालयातील संगणक आणि बाहेरील जाळे यांच्यामध्ये जे यंत्र पहारा करते, त्यास फायरवॉल म्हणतात. कोणती जोडणी आत येऊ द्यावयाची, कोणती अडवावयाची, जिल्हा कार्यालयाकडे जाणारा सुरक्षित मार्ग कसा चालू ठेवावयाचा, हे सर्व त्यातील नियमांनुसार ठरते. पाहणाऱ्यास ती एक लहानशी पेटी दिसते. परंतु तिच्यात संगणकाप्रमाणेच प्रक्रियक, स्मृती आणि डिस्क हे सर्व भाग असतात. पीएफसेन्स, ओपनसेन्स यांसारख्या विनामूल्य उपलब्ध असलेल्या प्रणाली अशा पेट्यांवर जगभर वापरल्या जातात. त्या दोन्ही फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीवर आधारलेल्या आहेत.

ही पेटी स्वस्थ बसलेली नसते. कोणत्या वेळी कोणती जोडणी झाली, कोणती नाकारली, कार्यालयातील कोणत्या संगणकास कोणता पत्ता दिला, याची नोंद ती सतत आपल्या डिस्कवर करीत असते. त्यामुळे वीज ज्या क्षणी जाते, त्या क्षणी एखादी नोंद अर्धवट लिहिली जात असण्याचा संभव नेहमीच असतो.

अर्धवट नोंदीचा धोका

डिस्कवरील माहिती कोठे व कशी ठेवावयाची, याची जी पद्धत असते तिला फाइल सिस्टीम म्हणतात. एक फाइल लिहावयाची म्हणजे किमान तीन ठिकाणी लेखन करावे लागते. पहिले, प्रत्यक्ष मजकूर. दुसरे, तो मजकूर कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका. आणि तिसरे, डिस्कवरील कोणती जागा मोकळी व कोणती व्यापलेली आहे याचा तक्ता. या तिन्हींपैकी एक लिहून झाले आणि दुसरे लिहिण्यापूर्वी वीज गेली, तर अनुक्रमणिका एक सांगते आणि तक्ता दुसरेच सांगतो. मग एकच जागा दोन फाइलींना दिली जाणे किंवा चालू फाइलची जागा मोकळी समजली जाणे, असे प्रकार उद्भवतात.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. काम लवकर व्हावे म्हणून डिस्क आलेला मजकूर प्रथम आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेते आणि तो प्रत्यक्ष लिहिण्यापूर्वीच ‘लिहिले’ असे कळविते. आवक लिपिकाने टपालावर ‘मिळाले’ असा शिक्का मारावा, परंतु आवक नोंदवहीत नोंद करण्यापूर्वीच टपाल गहाळ व्हावे, तसा हा प्रकार होय. स्वस्त एसएसडी व मेमरी कार्डे यांच्या बाबतीत धोका याहूनही अधिक असतो. त्यांत मजकूर मोठ्या गठ्ठ्यांनी पुसून पुन्हा लिहावा लागतो आणि कोणता मजकूर कोणत्या गठ्ठ्यात आहे याचा नकाशा ते स्वतःच ठेवतात. हा नकाशा अद्ययावत होत असताना वीज गेली, तर त्या वेळी ज्या फाइलला हातही लागलेला नव्हता, अशी जुनी फाइलसुद्धा बिघडू शकते.

ग्रामीण भागात वीज एकदा जाऊन थांबत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. मे-जूनमधील वादळी वाऱ्यात फांदी तारेवर घासते, फीडर बंद पडतो, काही सेकंदांनी वा मिनिटांनी चालू होतो आणि पुन्हा बंद पडतो. पहिल्या खंडानंतर यंत्र सुरू होऊन आपली डिस्क तपासत असते. दुसरा खंड नेमका त्याच वेळी येतो. दुरुस्ती चालू असतानाच घाव बसल्यामुळे या दुसऱ्या खंडाने होणारे नुकसान पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठे असते.

शहरातील आणि दुर्गम गावातील फरक

जिल्ह्याच्या ठिकाणी असे यंत्र अडले, तर तंत्रज्ञ दहा मिनिटांत तेथे पोहोचतो. दुर्गम गावात तसे होत नाही. युनिक्स परंपरेतील कार्यप्रणालींमध्ये फाइल सिस्टीम तपासण्यासाठी एफएससीके नावाचा कार्यक्रम असतो. लहानसहान दोष तो आपोआप दुरुस्त करतो. परंतु दोष गंभीर असल्यास तो थांबतो आणि ‘ही दुरुस्ती करू काय?’ असा प्रश्न पडद्यावर विचारून उत्तराची वाट पाहतो. फायरवॉलला तर पडदाही नसतो आणि कळफलकही नसतो. प्रश्न विचारला गेला आहे, हेच कोणास कळत नाही. पेटीवरील दिवे लागलेले असतात, पंखा फिरत असतो आणि जोडणी मात्र नसते. एका होकारासाठी तंत्रज्ञास शंभर किलोमीटर जावे लागते.

या काळात दुसराही एक धोका असतो. लोक खोळंबलेले आहेत, काम तर झाले पाहिजे, या सद्भावनेने कोणीतरी फायरवॉलची तार काढून कार्यालयाचा संगणक थेट बाहेरील जोडणीस लावतो. काम सुरू होते आणि सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु पहारा उठलेला असतो, आणि अनेकदा तो पुन्हा बसविण्याची आठवणही राहत नाही. गावाच्या कर आकारणीची, नागरिकांच्या ओळखपत्रांची माहिती ज्या संगणकावर आहे, तो असा उघडा पडणे ही बंद पडलेल्या जोडणीपेक्षाही मोठी हानी होय.

फेरफार नोंदवहीचे तत्त्व

या प्रश्नावर संगणकशास्त्राने जो मुख्य उपाय शोधला, तो आपल्या महसूल यंत्रणेस अपरिचित नाही. जमिनीचा हक्क बदलला म्हणजे ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, थेट सातबारावर खाडाखोड करीत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे प्रथम फेरफाराची नोंद गाव नमुना ६ मध्ये होते, संबंधितांस नोटीस दिली जाते, नोंद प्रमाणित होते आणि त्यानंतरच तिचा अंमल सातबाराला दिला जातो. मध्येच काम थांबले तरी काय करावयाचे होते आणि किती झाले, हे फेरफार नोंदवहीवरून कळते. तोपर्यंत जुना सातबारा शाबूत असतो.

‘जर्नल’ ठेवणारी फाइल सिस्टीम याच तत्त्वावर चालते. कोणता बदल करावयाचा आहे, हे ती प्रथम एका स्वतंत्र नोंदवहीत लिहिते आणि मग तो बदल प्रत्यक्षात आणते. वीज परत आल्यावर संपूर्ण डिस्क तपासत न बसता केवळ ही नोंदवही वाचून अपुरे काम पूर्ण करता येते किंवा रद्द करता येते. लिनक्समध्ये ही सोय २००१ च्या सुमारास ‘एक्स्ट-३’ या फाइल सिस्टीमद्वारे सर्वसामान्य वापरात आली. फ्रीबीएसडीच्या यूएफएस या जुन्या फाइल सिस्टीमला तशी जोड २०१२ मध्ये, नवव्या आवृत्तीपासून मिळाली.

मात्र जर्नलची मर्यादा समजून घेतली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ते अनुक्रमणिका व तक्ता यांचे रक्षण करते, मजकुराचे नेहमीच करीत नाही. फाइल जागेवर असते, परंतु उघडून पाहावी तर रिकामी, असे होऊ शकते. ती फाइल नेमकी नियमांची असेल, तर सुरू झालेली फायरवॉलही निरुपयोगी ठरते.

याच्या पुढची पायरी झेडएफएस या फाइल सिस्टीमने गाठली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती विकसित केली व २००५ मध्ये तिचा आधारग्रंथ सर्वांस खुला केला. या पद्धतीत जुन्या मजकुरावर नवा मजकूर कधीच लिहिला जात नाही. नवी प्रत मोकळ्या जागेत पूर्ण लिहून झाल्यावर शेवटी एकाच लेखनाने अनुक्रमणिका नव्या प्रतीकडे वळविली जाते. वीज त्या लेखनाच्या आधी गेली तर जुनी स्थिती पूर्ण असते, नंतर गेली तर नवी. शिवाय रोकड वहीच्या प्रत्येक पानाखाली बेरीज असावी, तशी प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या ठेवली जात असल्यामुळे बिघाड लपून राहत नाही. पीएफसेन्सच्या स्थापनेत हा पर्याय २०१७ पासून, २.४ या आवृत्तीत उपलब्ध झाला. त्यापूर्वी यूएफएसवर बसविलेल्या जुन्या पेट्या अजून कोठे चालू असतील, तर त्या प्रथम बदलून घेणे इष्ट आहे. प्रणालीची केवळ आवृत्ती वाढविल्याने फाइल सिस्टीम बदलत नाही. त्यासाठी नव्याने स्थापना करून नियमांची प्रत परत भरावी लागते. तसेच ‘लिहिले’ असे खोटे कळविणाऱ्या डिस्कपुढे झेडएफएसचाही इलाज मर्यादित असतो. त्यामुळे वीज गेल्यावर हातातील लेखन पूर्ण करण्यापुरती ऊर्जा साठविणारे कपॅसिटर असलेली एसएसडी निवडावी.

लेखनच कमी करणे

जे लिहिलेच जात नाही, ते अर्धवटही राहत नाही. म्हणून दुसरा उपाय म्हणजे डिस्कवरील लेखन कमीत कमी ठेवणे. अनेक लहान यंत्रांत मूळ प्रणाली ‘केवळ वाचनासाठी’ अशा भागात ठेवतात. ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली सामान्यतः अशाच रीतीने मूळ भाग कायम ठेवून केलेले बदल वेगळ्या भागात साठविते. पीएफसेन्समध्ये दैनंदिन नोंदी व तात्पुरत्या फाइली अस्थायी स्मृतीत ठेवण्याची सोय आहे. तसे केल्यास डिस्कला हात लागण्याचे प्रसंग पुष्कळच कमी होतात.

अर्थात अस्थायी स्मृतीतील नोंदी वीज जाताच पुसल्या जातात. येथे कायद्याचा प्रश्न येतो. सीईआरटी-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शासकीय कार्यालयांसह सर्व संबंधितांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जतन करणे आवश्यक आहे. म्हणून नोंदी स्मृतीत ठेवावयाच्या असतील, तर त्या त्याच वेळी जिल्हा मुख्यालयातील नोंद-संगणकाकडे पाठविण्याची व्यवस्था आधी करावी. यात दुहेरी लाभ आहे. गावातील पेटी चोरीस गेली किंवा जळाली तरी तिच्या नोंदी सुरक्षित राहतात, आणि शेवटची नोंद किती वाजता आली यावरून वीज केव्हा गेली हेही मुख्यालयास कळते.

यूपीएसचा योग्य उपयोग

यूपीएस लावले म्हणजे काळजी मिटली, असा समज सर्वत्र आढळतो. यूपीएस आवश्यक आहे, परंतु ते वीज जाणे पुढे ढकलते, टाळत नाही. बॅटरी संपल्यावर वीज जाते ती पूर्वीइतकीच अचानक. म्हणून यूपीएस व फायरवॉल यांच्यामध्ये संदेशाची तार हवी. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की यूपीएस तसे कळविते आणि फायरवॉल आपली कामे आटोपून रीतसर बंद होते. ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हा विनामूल्य कार्यक्रम याच कामासाठी आहे. ज्या यूपीएसला अशी तार जोडता येत नाही, ते खरेदीच्या वेळीच टाळावे.

येथे एक बारकावा आहे, जो अनेकदा नजरेतून सुटतो. बॅटरी संपत आली म्हणून फायरवॉल रीतसर बंद झाली आणि बॅटरी पूर्ण संपण्यापूर्वीच वीज परत आली, असे समजू. यूपीएसकडून होणारा पुरवठा मध्ये तुटलेलाच नाही, त्यामुळे वीज आली हे फायरवॉलला कळत नाही आणि ती बंदच राहते. यासाठी फायरवॉल बंद झाल्यानंतर यूपीएसने आपला पुरवठा थोडा वेळ तोडून मग पुन्हा द्यावा, अशी आज्ञा आधीच भरून ठेवावी लागते. त्याचबरोबर ‘वीज आल्यावर आपोआप सुरू व्हावे’ हा पर्याय पेटीच्या मूळ मांडणीत निवडलेला असावा. बॅटरी काही प्रमाणात भरल्यानंतरच पुरवठा सुरू करण्याची सोय यूपीएसमध्ये असेल, तर वर सांगितलेल्या लागोपाठच्या खंडापासूनही बचाव होतो.

फायरवॉलला साधारणपणे दहा ते तीस वॅट इतकीच वीज लागते. तिच्यासाठी व प्रकाशतंतूच्या पेटीसाठी स्वतंत्र लहान यूपीएस ठेवल्यास ते बराच वेळ पुरते. त्याच यूपीएसवर लेझर प्रिंटर किंवा पंखा जोडल्यास तो वेळ काही मिनिटांवर येतो. यवतमाळचा उन्हाळा ४२ ते ४५ अंशांचा असतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांपुढे दर आठ-दहा अंशांस जवळजवळ निम्मे होते. म्हणून यूपीएस पत्र्याच्या छपराखाली, बंद कपाटात ठेवू नये आणि पावसाळ्यापूर्वी बॅटरीची चाचणी करावी. भारतनेटच्या आरंभीच्या योजनेत ग्रामपंचायतीतील उपकरणासोबत बॅटरी व सौर पॅनेल यांची तरतूद होती. ती जेथे सुस्थितीत आहेत, तेथे त्यांची निगा राखणे हेही याच कामाचा भाग होय.

ग्रामपंचायतीने काय करावे?

तांत्रिक मांडणी जिल्हा वा तालुका स्तरावरील तंत्रज्ञाने करावयाची असली, तरी पुढील गोष्टी गावपातळीवरच होऊ शकतात.

१. फायरवॉलची तार थेट भिंतीवरील खटक्यास न लावता तिच्या स्वतंत्र यूपीएसलाच जोडलेली आहे, याची खात्री करावी आणि त्यावर इतर उपकरणे लावू देऊ नयेत.

२. पेटी बंद करावयाची झाल्यास खटका बंद न करता तंत्रज्ञाने दाखविलेल्या रीतीनेच बंद करावी. ही रीत मराठीत लिहून पेटीजवळ लावावी.

३. वीज आल्यावर दहा मिनिटांत जोडणी आली नाही, तर पुन्हा पुन्हा खटका चालू-बंद करू नये. तपासणी चालू असण्याचा संभव असतो. काही वेळ थांबून तालुक्याच्या तंत्रज्ञास कळवावे.

४. कोणत्याही कारणाने फायरवॉल वगळून संगणक थेट बाहेरील जोडणीस लावू नये.

५. वीज केव्हा गेली, केव्हा आली आणि जोडणी केव्हा पूर्ववत झाली, याची साधी नोंदवही ठेवावी.

शाळेतील शिक्षकांनाही यात भाग घेता येईल. संगणक विषयाच्या तासाला ‘यंत्र रीतसर का बंद करावे’ हे या कारणमीमांसेसह सांगितले, तर ती सवय विद्यार्थ्यांमार्फत घराघरांत पोहोचेल.

पाठविण्यापूर्वीची कसोटी

जिल्हा स्तरावरील अधिकाऱ्यांनी करावयाचे सर्वांत महत्त्वाचे काम यंत्र गावी पाठविण्यापूर्वीचे आहे. नियमांची प्रत मुख्यालयात व अन्य एका ठिकाणी ठेवावी आणि नियम बदलताच ती अद्ययावत करावी. प्रत्येक उपविभागाच्या ठिकाणी एक तयार पेटी राखीव असावी, म्हणजे बिघाड झाल्यास प्रत भरून ती त्याच दिवशी रवाना करता येईल. एफएससीके वापरणाऱ्या पेट्यांत दुरुस्तीच्या प्रश्नास आपोआप होकार देण्याचा पर्याय निवडावा. त्यात एखादा तुकडा गमावण्याची शक्यता असते खरी, परंतु नियमांची प्रत हाताशी असल्यास ती जोखीम पत्करण्याजोगी आहे. झेडएफएस असल्यास महिन्यातून एकदा संपूर्ण डिस्कची पडताळणी आपोआप होईल, अशी योजना करावी.

आणि अखेरीस, टेबलावर यंत्र चालू असताना, त्यावरून जोडण्या वाहत असताना, त्याची तार हेतुपुरस्सर उपटून पाहावी. एकदा नव्हे, दहा-वीस वेळा. कधी सुरू होत असताना, कधी नियम जतन होत असताना. प्रत्येक वेळी यंत्र कोणाच्याही मदतीवाचून पूर्ववत झाले, तरच ते गावी पाठविण्यास योग्य समजावे. या कसोटीस एक दुपार लागते. ती न घेतल्यास तीच कसोटी जून महिन्यात, पहिल्या वादळाच्या रात्री, बंदी भागातील एखाद्या गावात होते, आणि तिचा निकाल दुसऱ्या दिवशी दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला भोगावा लागतो.

वीजपुरवठा सुधारण्याचे प्रयत्न चालू राहतीलच. परंतु तार तुटणे व फीडर बंद पडणे पूर्णतः थांबेल, या भरवशावर गावाची जोडणी ठेवता येणार नाही. वीज कोणत्याही क्षणी जाईल असे गृहीत धरून यंत्राची मांडणी केली, तर गावापर्यंत पोहोचलेली सेवा गावातच टिकून राहील. त्यासाठी तंत्रज्ञ, अधिकारी आणि ग्रामपंचायत सदस्य या तिघांनीही यंदाच्या पावसाळ्यापूर्वी आपल्या वाट्याचे काम तपासून घ्यावे.